धर्मपीठ आणि विद्यापीठ

१९६७ सालच्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेची राजधानी जें वॉशिंग्टन शहर, तेथील कॅथॉलिक विद्यापीठ एकाएकीं बंद पडलें. सत्र ऐन भरांत असतां वर्ग ओस पडले, आणि विद्यार्थी व त्यांचे प्राध्यापक एकत्र आवारांत येऊन उभे राहिले. विद्यार्थ्यांनीं संप करावा यांत त्या काळीं फारसें नवल उरलें नव्हतें. प्राध्यापकांनीं त्यांत सामील व्हावें हें थोडें नवल खरें. परंतु ज्या संस्थेच्या विश्वस्तमंडळांत देशांतील मोठमोठे बिशप बसलेले, त्या संस्थेंत शिकणाऱ्या-शिकविणाऱ्या धर्मगुरूंनीं आणि धर्मभगिनींनीं आपल्याच बिशपांच्या ठरावाविरुद्ध उभें राहावें, ही गोष्ट त्या देशांत पूर्वीं कोणीं पाहिली नव्हती.

ठराव एका अध्यापकाविषयीं होता. फादर चार्ल्स करन हे त्या वेळीं तेहेतीस वर्षांचे होते. त्यांचा विषय धर्मशास्त्राची नीतिविषयक शाखा, म्हणजे माणसानें कसें वागावें व कां, याचा श्रद्धेच्या प्रकाशांत विचार करणारें शास्त्र. त्यांना बढती द्यावी अशी त्यांच्या विभागानें एकमतानें शिफारस केलेली होती. असें असतां १७ एप्रिल रोजीं त्यांना कळविण्यांत आलें कीं, विश्वस्तांनीं त्यांची नेमणूक पुढें न चालविण्याचें ठरविलें आहे. दोष कोणता, तें सांगितलें नाहीं. आपली बाजू मांडण्याची संधि दिली नाहीं. दुसऱ्याच दिवशीं विभागांतील अध्यापकांनीं जाहीर केलें कीं, करन यांना परत घेतल्याखेरीज आम्हांस आमचें काम करणें शक्य नाहीं. मग सर्व शाखांच्या प्राध्यापकांची सभा भरली आणि तिनें ४०० विरुद्ध १८ मतांनीं तोच निर्णय केला. २४ एप्रिल रोजीं, म्हणजे अवघ्या आठवड्याभरांत, विद्यापीठाचे कुलपति आर्चबिशप ओबॉईल यांना ठराव रद्द झाल्याचें सांगावें लागलें. करन नुसते परत आले नाहींत, बढतीसह आले. चालकमंडळ आणि शिक्षक यांचा तंटा झाला म्हणजे शिक्षकानें मुकाट्यानें छत्री उचलून घरीं जावें, हाच अनुभव आपल्याकडे ज्यांच्या गांठीं आहे, त्यांना ही हकीकत थोडी अद्‌भुतच वाटेल.

तरीपण व्यवहारी माणसाच्या मनांत एक विचार आल्याशिवाय राहत नाहीं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही जगाची रीत आहे. विद्यापीठ कॅथॉलिक पंथाचें, पैसा त्या पंथांतील श्रद्धाळू लोकांचा, आणि शिकवावयाचा विषय म्हणजे त्या पंथाचा धर्मच. तेथें वेतन घेणाऱ्यानें पंथाच्या अधिकृत शिकवणीशीं आपला मतभेद चारचौघांत सांगावा आणि वर अध्यापनाच्या स्वातंत्र्याचा हक्कही मागावा, हें कसें? हा प्रश्न लबाडीचा नव्हे. करन यांनीं तो कधीं लबाडीचा मानलाही नाहीं. त्यांच्या आयुष्यांतील बराच मोठा भाग याच प्रश्नाला उत्तर देण्यांत खर्च झाला, आणि त्या उत्तराची किंमतही त्यांना द्यावी लागली.

प्रथम त्या विद्यापीठाविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे. अमेरिकेंतील बिशपांनीं पोप तेरावे लिओ यांच्या संमतीनें १८८७ मध्यें तें स्थापिलें. त्याला जन्मापासूनच दोन घरचें पाहुणेपण लाभलें. एकीकडे त्याच्या कांहीं विद्याशाखा रोमच्या अधिकारानें पदव्या देत. दुसरीकडे १९०० मध्यें अमेरिकेंतील अग्रगण्य विद्यापीठांचा जो संघ निघाला, त्याच्या संस्थापकांत हेंही विद्यापीठ होतें. त्या देशांत १९१५ पासून प्राध्यापकांची एक राष्ट्रीय संघटना आहे. तिनें १९४० मध्यें महाविद्यालयांच्या संघटनेबरोबर एक निवेदन काढलें, आणि अध्यापनाच्या स्वातंत्र्याचे नियम त्यांत घालून दिले. धार्मिक संस्थेला अध्यापकाच्या स्वातंत्र्यावर मर्यादा घालावयाची असेल, तर ती नेमणुकीच्या वेळींच स्पष्टपणें लेखी सांगावी, असें त्यांत एक कलम आहे. पुढें जें महाभारत झालें, त्याचें मूळ या दुहेरी संसारांत आहे. रोमची सनद आणि अमेरिकेची मान्यता या दोहोंचा मान हवा होता. पण दोहोंच्या अटी एकमेकींशीं कितपत जुळतात, हें तपासण्याची वेळ पाऊणशें वर्षें आली नाहीं.

इंग्लंडमधील जॉन हेन्री न्यूमन यांनीं १८५२ मध्यें डब्लिन येथें आयर्लंडांतील नियोजित कॅथॉलिक विद्यापीठाविषयीं जीं व्याख्यानें दिलीं, त्यांत विद्यापीठामध्यें धर्मशास्त्राला स्थान असलेंच पाहिजे असा आग्रह धरला होता. धर्मशास्त्र हेंही ज्ञान आहे. तें वगळून सर्व ज्ञानाचें पीठ म्हणवून घेणें विद्यापीठाला शोभत नाहीं, असा त्यांचा युक्तिवाद. तो धर्मनिष्ठांना फार आवडला. परंतु त्यांतून निघणारें दुसरें अनुमान पुष्कळांच्या ध्यानांत आलें नसावें. धर्मशास्त्राला ज्ञान म्हणून विद्यापीठाच्या पंक्तीला बसवावयाचें, तर इतर ज्ञानशाखांना जी तपासणी, शंका व वादविवाद सोसावा लागतो, तो त्यालाही सोसावा लागणार. पंक्तीला बसून सोंवळें निराळें ठेवतां येत नाहीं.

करन यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर शहरीं १९३४ मध्यें झाला. पुढें ते धर्मगुरु होण्यासाठीं रोमला गेले, तेथें १९५८ मध्यें त्यांनीं दीक्षा घेतली, आणि १९६१ मध्यें तेथल्याच दोन निरनिराळ्या विद्यालयांतून डॉक्टरेटच्या दोन पदव्या घेऊन ते परतले. थोडक्यांत, हा मनुष्य बाहेरून आलेला टीकाकार नव्हे. रोमच्याच तालमींत तयार झालेला. त्या तालमींत त्यांना बर्नार्ड हेरिंग या नांवाचे जर्मन गुरु लाभले. तोंपर्यंत नीतिशास्त्र म्हणून जें शिकविलें जाई, तें मुख्यतः पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठीं होतें. कोणतें पाप, किती मोठें, कोणत्या परिस्थितींत हलकें, याचीं वजनेंमापें त्या लॅटिन ग्रंथांत दिलेलीं असत. याज्ञवल्क्यस्मृतीचा प्रायश्चित्ताध्याय ज्यांनीं चाळला असेल, त्यांना या प्रकाराची कल्पना सहज येईल. हेरिंग यांनीं तो मार्ग सोडून प्रेम आणि प्रतिसाद यांच्या पायावर नीतिविचार उभारला. करन यांनीं तोच धागा पुढें नेला.

करन यांचें म्हणणें सोप्या शब्दांत सांगावयाचें तर असें. नीतीकडे पाहण्याच्या दोन वाटा जुन्या आहेत. एकीनुसार नीति म्हणजे कायदा, आणि तो पाळणें हें कर्तव्य. दुसरीनुसार नीति म्हणजे ध्येय, आणि त्याकडे नेणारें कृत्य तें चांगलें. करन म्हणतात कीं, माणूस न्यायालयांतला आरोपी नाहीं, तसाच ध्येयाचा नकाशा हातीं घेऊन निघालेला प्रवासीही नाहीं. तो नात्यांत जन्मतो व नात्यांत जगतो. ईश्वराशीं, शेजाऱ्याशीं, सृष्टीशीं आणि स्वतःशीं, अशा चार नात्यांच्या मध्यें उभा राहून त्याला जबाबदारीनें उत्तर द्यावें लागतें. म्हणून एखाद्या कृत्याचा शारीरिक आकार तेवढा पाहून त्याला कायमचें पाप ठरविणें त्यांना पटत नाहीं. अमुक इंद्रियाचा अमुक हेतु निसर्गानें ठरवून दिला आहे, सबब त्या हेतूच्या आड येणारी प्रत्येक कृति निसर्गतःच अनीतीची, या जुन्या तर्कांत शरीराची घडण आणि माणसाची नीति यांची गल्लत झाली आहे, असा त्यांचा मुख्य आक्षेप.

त्यांचा आणखी एक विचार होता, आणि तोच विरोधकांना अधिक झोंबला. जगांत पाप आहे, आणि त्याचा भार प्रत्येकाच्या वाट्याला येतो. त्या भाराखालीं सांपडलेल्या माणसाला आदर्श वर्तन कधीं कधीं साधतच नाहीं. अशा वेळीं त्यानें केलेली तडजोड ही त्या परिस्थितींत योग्य कृति मानावी लागते. हा विचार निसरडा आहे यांत संशय नाहीं. तडजोडीची सीमा कोठें संपते आणि सोय कोठें सुरू होते, हें कोणीं ठरवावयाचें? करन यांच्या पुस्तकांत याचें पूर्ण समाधान होईल असें उत्तर सांपडत नाहीं. परंतु कुटुंबांत वावरणाऱ्या कोणत्याही प्रौढ माणसास अशा तडजोडीची ओळख असते.

संपाच्या पाठोपाठ, १९६७ च्या जुलैमध्यें, नोत्र दाम विद्यापीठाचे अध्यक्ष फादर हेसबर्ग यांच्या पुढाकारानें विस्कॉन्सिन राज्यांतील लँड ओ लेक्स या ठिकाणीं कॅथॉलिक शिक्षणक्षेत्रांतील कांहीं प्रमुख मंडळी जमलीं, आणि कॅथॉलिक विद्यापीठ हें बाहेरच्या कोणत्याही सत्तेपासून, मग ती धर्माधिकाऱ्यांची कां असेना, स्वायत्त असलें पाहिजे, असें त्यांनीं जाहीर केलें. वारा कोणीकडे वाहत होता हें यावरून दिसतें.

खरी कसोटी पुढल्या वर्षीं लागली. ज्या पोप सहावे पॉल यांना पाहण्यासाठीं डिसेंबर १९६४ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवर लोटालोट झाली होती, त्याच पोपमहाशयांपुढें संततिनियमनाचा प्रश्न होता. त्यांनीं या प्रश्नावर नेमलेल्या आयोगांत मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस यांचेंही नांव होतें. आयोगाच्या बहुमताचा कल शिकवण बदलावी असा होता. पोप यांनीं तो मानला नाहीं. २५ जुलै १९६८ या तारखेचें ‘ह्यूमाने व्हिटे’ हें पत्र काढून त्यांनीं कृत्रिम उपायांवरील बंदी कायम ठेवली. पत्र प्रसिद्ध करतांना रोमच्या प्रवक्त्यानें स्वतःच सांगितलें कीं, हें प्रमादरहित घोषणेच्या कोटींतील नव्हे. ३० जुलै रोजीं, म्हणजे पत्राची शाई वाळते न वाळते तोंच, करन यांनीं वॉशिंग्टनमध्यें पत्रकारांपुढें एक निवेदन वाचलें. विवाहित स्त्री-पुरुषांनीं आपल्या सदसद्विवेकास स्मरून कांहीं परिस्थितींत असे उपाय योजल्यास तें त्यांचें जबाबदार कृत्य ठरूं शकतें, असा त्याचा आशय. त्याखालीं ८७ जणांच्या सह्या होत्या. पुढें तो आंकडा ६०० वर गेला.

घाई झाली असा आरोप त्यावर झाला, आणि तो अगदींच खोटा म्हणतां येत नाहीं. एवढ्या गहन पत्राला चोवीस तासांत उत्तर? परंतु करन यांचाही एक मुद्दा होता. लाखो दांपत्यें दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत तें पत्र वाचणार होतीं, आणि त्यांचा प्रश्न विद्वानांच्या पुढील वार्षिक परिषदेची वाट पाहणारा नव्हता. विद्यापीठांत चौकशी बसली. प्राध्यापकांच्या समितीनें १९६९ मध्यें असा अभिप्राय दिला कीं, या अध्यापकांनीं आपल्या पेशास बाध येईल असें कांहीं केलेलें नाहीं. समितीपुढें जी बाजू मांडली गेली, तिच्यांतूनच त्या वर्षीं दोन पुस्तकें निघालीं.

त्या बाजूचा गाभा एका भेदावर उभा आहे. श्रद्धेचीं कांहीं मूलतत्त्वें अशीं कीं, जीं नाकारल्यास माणूस कॅथॉलिकच उरत नाहीं. तीं करन यांनीं कधीं नाकारलीं नाहींत. पण त्यांखालीं अधिकृत, तरीही प्रमादरहित म्हणून न घोषिलेल्या शिकवणीचा एक मोठा थर आहे. तिच्याविषयीं आदर हवा, अनुकूल वृत्ति हवी. पण पुरेशीं कारणें असतील तर तिच्याशीं मतभेद ठेवूनही मनुष्य धर्मांत राहूं शकतो. येथें ते इतिहासाचा दाखला देतात. एके काळीं व्याज घेणें पाप होतें. पुढें तें राहिलें नाहीं. गुलामगिरी शतकानुशतकें खपवून घेतली गेली. पुढें ती निंद्य ठरली. धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न तर अगदीं अलीकडचा. जॉन कोर्टनी मरे या अमेरिकन जेझुइट पंडिताला त्या विषयावर लिहिणें १९५५ च्या सुमारास थांबवावें लागलें होतें, आणि १९६५ च्या डिसेंबरांत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें धर्मस्वातंत्र्याचा जो जाहीरनामा मंजूर केला, त्याच्या घडणींत त्याच मरे यांचा मोठा वाटा होता. अमेरिकेंतील कॅथॉलिक धर्मशास्त्रज्ञांच्या संस्थेनें पुढें मरे यांच्या नांवानें पुरस्कार ठेवला. तो १९७२ मध्यें पहिल्यांदा मिळाला तो करन यांस.

रोमचें लक्ष मात्र हटलें नव्हतें. १९७९ मध्यें धर्मसिद्धांतांचें रक्षण करणाऱ्या रोमच्या मंडळानें करन यांच्या लेखनाची चौकशी सुरू केली. संततिनियमन, वंध्यीकरण, घटस्फोट, गर्भपात, दयामरण, समलिंगी संबंध अशा प्रश्नांवरील त्यांच्या मतांवर आक्षेप होता. सात वर्षें पत्रव्यवहार चालला. १९८१ पासून त्या मंडळाचे प्रमुख कार्डिनल जोसेफ रॅट्‌झिंगर होते. तेही मूळचे धर्मशास्त्राचे प्राध्यापकच. बॉन, म्यून्स्टर, ट्यूबिंगेन आणि रेगेन्सबुर्ग येथें त्यांनीं शिकविलेलें. पुढें २००५ मध्यें ते पोप सोळावे बेनेडिक्ट झाले. एका प्राध्यापकानें दुसऱ्या प्राध्यापकाचा निवाडा करावयाचा होता. फरक इतकाच कीं, एक आतां व्यासपीठावरून उठून न्यायासनावर बसला होता.

८ मार्च १९८६ रोजीं रोममध्यें दोघांची भेट झाली. करन यांच्या सोबतीला कोण गेलें? त्यांचे जुने गुरु हेरिंग. वय सत्तरीच्या पुढें. घशाच्या कर्करोगानें आवाज जवळजवळ गेलेला. स्वतः पूर्वीं अशाच चौकशींतून गेलेले. शिष्याच्या अडचणीच्या प्रसंगीं ते शेजारीं येऊन बसले, ही गोष्ट या साऱ्या प्रकरणांतील वादविवादापेक्षां अधिक काळ मनांत राहते. तडजोड सुचविली गेली ती अशी कीं, करन विद्यापीठांत राहतील, पण लैंगिक नीतीचा विषय शिकविणार नाहींत. तो विषय ते कित्येक वर्षें शिकवीत नव्हतेच. रोमनें ती मानली नाहीं. त्याच वर्षीं फेब्रुवारींत गोवा-मुंबईकडे येऊन गेलेले पोप दुसरे जॉन पॉल यांच्या मान्यतेनें २५ जुलै १९८६ या तारखेचें पत्र निघालें: कॅथॉलिक धर्मशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम करण्यास करन हे योग्य वा पात्र मानले जाणार नाहींत.

निर्णयाची भाषा नीट ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्यांना धर्मांतून काढलें नाहीं. त्यांचें धर्मगुरुपद गेलें नाहीं. रॉचेस्टरचे बिशप तर त्यांच्या चांगुलपणाची उघड ग्वाही देत होते. गेलें तें फक्त विद्यापीठांतील आसन. जानेवारी १९८७ मध्यें कुलपति आर्चबिशप हिकी यांनीं त्यांना अध्यापनापासून दूर केलें. जर्मनींत १९७९ मध्यें हान्स क्यूंग यांच्यावरही अशीच पाळी आली होती. पण ट्यूबिंगेन हें सरकारी विद्यापीठ. कॅथॉलिक विद्याशाखेंतून बाहेर पडावें लागलें तरी सरकारनें त्यांचें प्राध्यापकपद व त्यांची संस्था स्वतंत्रपणें राखली. वॉशिंग्टनमध्यें धर्म आणि विद्यापीठ यांच्या मध्यें तिसरें कोणी नव्हतें.

करन न्यायालयांत गेले. माझा धर्म काय सांगतो हें ठरवावें, असें त्यांचें न्यायालयापाशीं मागणें नव्हतें. कराराप्रमाणें मला अध्यापनाचें स्वातंत्र्य होतें कीं नाहीं, एवढाच प्रश्न त्यांनीं ठेवला. २८ फेब्रुवारी १९८९ रोजीं न्यायमूर्ति वाइसबर्ग यांनीं विद्यापीठाच्या बाजूनें निकाल दिला. रोमशीं असलेलें विद्यापीठाचें खास नातें करन यांस पूर्वींपासून ठाऊक होतें, आणि त्या नात्याला दुय्यम ठेवण्याचें वचन विद्यापीठानें करारांत दिलेलें नव्हतें, असा निकालाचा रोख. पुढल्याच वर्षीं प्राध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेनें त्या विद्यापीठाचें नांव आपल्या निषेधाच्या यादींत घातलें. कायद्यानें विद्यापीठ जिंकलें, आणि विद्वानांच्या सभेंत हरलें.

कॅथॉलिक उच्च शिक्षण, धर्मशास्त्र आणि अध्यापनाचें स्वातंत्र्य यांवरील करन यांचें पुस्तक याच १९९० सालीं निघालें. इतक्या कडू अनुभवानंतर लिहिलेल्या पुस्तकांत माणूस स्वतःचीच कैफियत मांडील असें वाटतें. पण तें बहुतांशीं इतिहासाचें आणि युक्तिवादाचें पुस्तक आहे. १९६० च्या आधीं अमेरिकेंतील कॅथॉलिक संस्था अध्यापनाच्या स्वातंत्र्याकडे संशयानें कशा पाहत आणि दहा वर्षांत त्या कशा बदलल्या, हें त्यांत येतें. त्यांची योजना थोडक्यांत अशी. बिशपांना शिकविण्याचा अधिकार आहे. एखाद्या पंडिताचें मत चुकीचें वाटलें तर तें चुकीचें आहे असें त्यांनीं मोठ्यानें सांगावें, लोकांस सावध करावें. परंतु त्याला नोकरींतून काढावयाचें कीं नाहीं, हा निर्णय त्याच विद्येंत मुरलेल्या समकक्ष अध्यापकांनीं रीतसर चौकशी करूनच केला पाहिजे. त्या निर्णयांत पंथाच्या परंपरेचा मान राखलाच पाहिजे. कारण जो कॅथॉलिक परंपरेची दखलच घेत नाहीं, तो कॅथॉलिक धर्मशास्त्राचा अध्यापक म्हणून अपात्रच ठरतो. आणि असें स्वातंत्र्य केवळ प्राध्यापकाच्या सोयीचें नव्हे. चुकीची जाणीव वेळेवर होण्यासाठीं धर्मसंस्थेलाच त्याची गरज आहे.

या योजनेंत एक उणीव राहते. समकक्ष पंडितांच्या समितीवर करन यांचा विश्वास फार आहे. पंडितांचेही कंपू होतात, त्यांनाही एकमेकांना सांभाळून घेण्याची खोड असते. ज्या आईबापांनीं आपला मुलगा किंवा मुलगी आपल्या धर्माचें शिक्षण मिळेल या भरंवशानें तेथें पाठविली, त्यांचा आवाज त्या समितींत कोठें आहे? रोमचा खरा युक्तिवाद हाच होता: दारावर जी पाटी आहे, तोच माल आंत मिळाला पाहिजे. हा युक्तिवाद हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. मात्र रोमच्या बाजूनेंही एक प्रश्न अनुत्तरित राहतो. मरे यांना गप्प बसविलें तेव्हांही पाटी हीच होती, आणि दहा वर्षांनीं मालच बदलला. मधल्या दहा वर्षांत ज्यांनीं मरे यांचे विचार शिकविले असते, ते पाटीशीं प्रामाणिक होते कीं नव्हते?

पुढें नियम कडक झाले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेच्या ८१२ व्या कलमानें उच्च संस्थांत धर्मशास्त्र शिकविणाऱ्यास सक्षम धर्माधिकाऱ्याची अनुज्ञा आवश्यक ठरविली होती. १५ ऑगस्ट १९९० च्या पोपच्या घटनापत्रानें कॅथॉलिक विद्यापीठांना तिची आठवण करून दिली. करन यांनीं तिला विरोध केला. हा सर्व प्रकार दूरदेशींचा वाटला, तरी पुण्याच्या माणसाला अगदींच परका नाहीं. तेथील पेपल सेमिनरी श्रीलंकेंतील कँडी येथून १९५५ मध्यें आली, आणि तिच्या शेजारच्या ज्ञानदीप विद्यापीठांत रोमच्या अधिकारानें पदव्या दिल्या जातात. तेव्हां अनुज्ञेचा प्रश्न तेथेंही लागू पडतो. मुंबईच्या १८६९ मध्यें निघालेल्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाची गोष्ट निराळी. तें मुंबई विद्यापीठाशीं जोडलेलें. तेथें पदवीसाठीं इतिहास, रसायन, अर्थशास्त्र हे विषय, आणि रसायनाच्या प्रयोगाला कोणत्याही बिशपची अनुज्ञा लागत नाहीं. आपल्याकडील बहुसंख्य मिशनरी महाविद्यालयांत हा तंटा उभा राहिला नाहीं, याचें एक कारण हें असावें.

वॉशिंग्टन सुटल्यावर करन यांना बरेंच फिरावें लागलें. कॉर्नेल, मग दक्षिण कॅलिफोर्निया, मग अलाबामा राज्यांतील ऑबर्न. या शेवटच्या सरकारी विद्यापीठांत तर कायम नेमणूक ठरत आली असतां तेथल्या अध्यक्षांनींच ती अडविली. धर्मसत्तेच्या कक्षेबाहेर गेलें म्हणजे भीति संपली, असें समजणाऱ्यांनीं हा प्रसंग ध्यानांत ठेवावा. अखेर १९९१ मध्यें टेक्सास राज्यांतील डॅलस येथील सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठानें त्यांना बोलावलें. मेथॉडिस्ट हा प्रॉटेस्टंट पंथ. त्यांनीं दिलेल्या अध्यासनाचें नांव होतें ‘मानवी मूल्यें’, आणि त्यावर बसून एक कॅथॉलिक धर्मगुरु तेवीस वर्षें नीतिशास्त्र शिकवीत राहिला. तेथें असतांना त्यांनीं कॅथॉलिक नीतिपरंपरेवर, अमेरिकेंतील त्या शास्त्राच्या इतिहासावर, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांच्या नीतिविचारावरही ग्रंथ लिहिले. २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनीं जें नांव दिलें, त्याचा अर्थ ‘निष्ठावंत मतभेद’ असा होतो.

आणखी एका कामाचा उल्लेख राहिला. रिचर्ड मॅकॉर्मिक या जेझुइट मित्राबरोबर १९७९ पासून ते नीतिशास्त्रावरील निवडक लेखांची एक माला संपादित करीत असत. तिचा सहावा भाग धर्मसंस्थेंतील मतभेदांवर आहे. तो १९८८ मध्यें निघाला, म्हणजे विद्यापीठाविरुद्धचा दावा अजून न्यायालयांत चालू होता आणि करन एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं सामान हलवीत होते त्या वेळीं. त्या भागांत आपल्या बाजूच्या लेखांबरोबर विरुद्ध बाजूचे लेखही करन यांनीं एकाच बांधणींत छापले. सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठांतून ते २०१४ मध्यें निवृत्त झाले.